नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं

"मॅडम, परत तेच आलंय बघा."

उदगीरच्या केंद्रावर जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा फोन रात्री साडेनऊच्या सुमारास यायचा आणि सुरुवात हीच असायची. 'तेच' म्हणजे लाल चौकटीतले दोन शब्द, नेटवर्क एरर. खाली एक बटण, त्यावर 'ठीक आहे'. काहीही ठीक नसताना 'ठीक आहे' दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, याचा सरांना नेटपेक्षा जास्त राग यायचा. मला तो राग पटायचा, पण करायचं काय ते कळत नव्हतं.

मी २०२१ मध्ये पुण्याची नोकरी सोडून लातूरला घरी आले आणि इथल्याच एका शिकवणी संस्थेत लागले. ट्यूशन एरियात शिकवणाऱ्यांइतकेच न शिकवणारेही असतात: पेपर टाइप करणारे, आकृत्या काढणारे, तपासणारे, छापणारे. सगळ्यांना सर किंवा मॅडमच म्हणायचं, झेरॉक्सवालाही सर. आमच्या चौघांकडे प्रश्नसंचाचं सॉफ्टवेअर होतं. नीटच्या सराव परीक्षेचा एक पेपर लातूर, उदगीर, अंबाजोगाई आणि नांदेड अशा चार गावांतले शिक्षक मिळून करतात. कोणता प्रश्न कोणी बदलला, कधी बदलला, आधी काय होता, हे सगळं जपून राहावं म्हणून टूलच्या पोटात गिट होतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं तेच गिट. शिक्षकांना ते नाव माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. त्यांना दोन बटणं दिसायची, 'आणा' आणि 'पाठवा'.

सुरुवातीला आमचं टूल मागच्या मागे खरं गिटच चालवायचं. तेव्हा त्याचा तो प्रसिद्ध संदेश यायचा: 'द रिमोट एंड हंग अप अनएक्स्पेक्टेडली'. म्हणजे समोरच्याने अचानक फोन ठेवला. यावर जो तो एकच तोडगा सांगतो, 'एचटीटीपी डॉट पोस्टबफर' (पाठवायचा माल आधी साठवायची गिटची जागा) वाढवा, ५२४२८८००० करा. मीही चारही गावांतल्या संगणकांवर तो आकडा चिकटवून आले. अंबाजोगाईला त्यासाठी भर उन्हात एसटीने गेले होते. तो आकडा म्हणजे ५०० एमबी. मुळात ती जागा १ एमबी असते. गिटच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे की पाठवण्याच्या बहुतेक अडचणींवर हा उपाय नाही, उलट मेमरी जास्त लागते, कारण चार ओळी पाठवतानाही सगळी जागा अडवली जाते. पुस्तिका मी परत येताना एसटीत वाचली. ४ जीबीच्या त्या संगणकांवर नेट सुधारलं नाहीच, वर्ड मात्र गोगलगाय झालं.

मग आमच्या सीनियरने सर्व्हरशी बोलणारा भाग स्वतः पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला. कारण काय, तर प्रगतीची पट्टी मराठीत दिसावी. पट्टी देखणी झाली यात वाद नाही. वर्षभरात तो पुण्याला गेला आणि त्या अकराशे ओळी वारसाहक्काने माझ्याकडे आल्या. मी वर्षभर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नेटवर्क एरर म्हणजे नेट गेलं, नेट गेलं म्हणजे वरून बंद, असं माझंही मत होतं. आमच्याकडे 'वरून बंद' हे सगळ्याचं उत्तर आहे. लाईट, पाणी, केबल, पगार, काहीही विचारा. केबल-नेटच्या पोराला फोन केला की तो पहिल्या वाक्यात सांगतो, "ताई, वरूनच बंद हाय." वर म्हणजे नक्की कुठे, हे विचारायची पद्धत नाही.

ती पद्धत मोडावी लागली एका पेपरमुळे.

सरांना एका प्रश्नात ब आणि क हे पर्याय उलटसुलट करायचे होते, कारण उत्तरतालिकेत अक्षर आधीच ठरून गेलेलं होतं. त्यांनी ते केलं, 'पाठवा' दाबलं, लाल चौकट आली. म्हणजे गेलं नाही, असं त्यांनी समजावं हे बरोबरच होतं. त्यांनी लातूरच्या टायपिस्टला व्हॉट्सअ‍ॅप केलं: अमुक प्रश्नात ब आणि क ची अदलाबदल करा. टायपिस्टने टूल उघडलं, अदलाबदल केली, पेपर छपाईला दिला. घोळ एवढाच होता की सरांचा बदल सर्व्हरवर पोचलेला होता. पोचल्याची पावती परत येताना जोडणी तुटली होती. अदलाबदल दोनदा झाली, म्हणजे झालीच नाही. सहाशे प्रती छापून वाटल्यावर एका मुलीने हात वर केला.

रविवारी संध्याकाळी मी त्या अकराशे ओळी पहिल्यांदा सलग वाचल्या.

पायथनमध्ये बिघाड झाला की तो खालच्या फंक्शनकडून वरच्याकडे फेकला जातो. आणि खालून येताना तो गप्प येत नाही, चांगला तपशील घेऊन येतो. विंडोज तर प्रत्येकाला नंबर देतं: १०५४ नव्हे, १००५४ म्हणजे समोरून जोडणी तोडली गेली, १००६० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, ११००१ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडला नाही. (पहिला नंबर फोनवर सांगताना मी दरवेळी चुकते.) हे सगळं आमच्या कोडमध्ये खालून व्यवस्थित येत होतं. मध्ये एका फंक्शनने ते पकडायचं, काय आहे ते न बघता टाकून द्यायचं आणि वर नवा निरोप धाडायचा: नेटवर्क एरर. अशा सतरा जागा मी मोजल्या. सतरापैकी दोन ठिकाणी तर नेटवर्कचा संबंधच नव्हता. शिक्षकांच्या संगणकाची डिस्क भरली तरी तेच दोन शब्द यायचे.

पहिलं काम कंटाळवाणं होतं आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पायथन ३ मध्ये 'रेज... फ्रॉम' अशी सोय आहे, नवा बिघाड वर पाठवताना मूळचा त्याच्या पाठीला बांधून पाठवता येतो. सतराही जागी ते केलं. शिवाय काम कोणत्या टप्प्यावर होतं तेही सोबत लिहायला लावलं: पत्ता शोधताना, जोडताना, ओळख पटवताना, यादी घेताना, माल घेताना, माल देताना, पावतीची वाट पाहताना. शिक्षकांना अजून जुनीच चौकट दिसत होती. हे सगळं फक्त नोंदवहीत जात होतं. महिनाभर मी काही दुरुस्त केलं नाही, नुसत्या नोंदी जमवल्या. सरांचे फोन चालू होते. "काय करलालाव मॅडम, महिना झाला." मी म्हणायचे, लिहून घेतेय सर.

महिन्याच्या नोंदी उघडल्या तेव्हा नेट खरोखर गेलं होतं अशा वेळा निम्म्याहून कमी निघाल्या.

बाकीच्यांमधला एक प्रकार नांदेडचा होता आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखांच्या आसपास यायचा. तो समजायला गिटची बोलण्याची रीत थोडी सांगावी लागेल. गिट जे काही पाठवतं ते पुडक्यांमध्ये. प्रत्येक पुडक्याच्या तोंडावर चार अक्षरं असतात आणि ती पुडकं किती लांब आहे ते सांगतात, दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या आकड्यांत (९ नंतर ए ते एफ) आणि स्वतःची चार अक्षरं धरून. वेबच्या रस्त्याने, म्हणजे एचटीटीपीवरून, सर्व्हरवर काय काय आहे याची यादी मागितली की पहिलं पुडकं ००१ई ने सुरू होतं, म्हणजे ३० बाइट: चार लांबीचे आणि सव्वीस मजकुराचे. नांदेडला त्या चार अक्षरांच्या जागी काय येत होतं? एक कोनी कंस, एक उद्गारचिन्ह, मग डी आणि ओ. कोणत्याही वेबपानाची ही सुरुवात. तिथल्या नेटचं रिचार्ज संपलं की कंपनी आमच्या सर्व्हरऐवजी स्वतःचं 'रिचार्ज करा' हे पान पाठवायची, तेही २०० नंबरच्या उत्तरात, म्हणजे सगळं ठीक आहे असं सांगून. आमचं कोड इमानेइतबारे त्या पानाची पहिली चार चिन्हं आकडा समजून वाचायला जायचं आणि कोसळायचं. रिचार्ज करा हे शब्द त्याच्या हातात होते, आणि वर निरोप जायचा नेटवर्क एरर.

आता वाचण्याआधी उत्तराचा प्रकार तपासला जातो. गिटच्या उत्तराला स्वतःचा ठरलेला प्रकार असतो, वेबपानाला वेगळा. यात आमची एक लाज उघडी पडली ती सांगून टाकते: तोवर आमचा सर्व्हर साध्या एचटीटीपीवर होता. म्हणून तर मधल्यामध्ये कोणी दुसरंच पान घुसवू शकत होतं. त्याच आठवड्यात एचटीटीपीएस केलं, म्हणजे बोलणं कुलूपबंद.

दुसरा प्रकार अंबाजोगाईचा, आणि माझ्या मते सगळ्यांत शिकवणारा. पट्टी ६३ टक्क्यांवर थांबायची आणि थांबूनच राहायची. एररसुद्धा नाही. तिथल्या मॅडम रात्री तशीच सोडून घरी जायच्या आणि सकाळी येऊन बघायच्या तर ६३. तिथे केंद्रात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी राउटर चालू, वायफायच्या कांड्या पूर्ण. पण गल्लीच्या तोंडाशी केबलवाल्याचा जो डबा आहे त्याला इन्व्हर्टर नाही. लाईट गेली की तो मरतो. मरताना तो कोणाला सांगत नाही. 'मी जोडणी बंद करतोय' असं पुडकं सर्व्हरकडून निघालं तरी पोचणार कुठून? टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर पुडकी पोचवायच्या रीतीत, जो लिहीत असतो त्याला उशिरा का होईना कळतं, कारण त्याच्या पुडक्यांना पोच येत नाही. जो नुसता ऐकत बसलाय त्याला कधीच कळत नाही. शांतता म्हणजे समोरचा विचार करतोय की समोरचा उरलाच नाही, हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. पायथनच्या सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला, तुम्ही मुदत घालून दिली नाहीत तर तो कायम वाट पाहतो. टीसीपीची जिवंत-आहेस-का विचारायची सोय आपण मुद्दाम चालू करावी लागते, आणि केली तरी तिची मूळची मुदत दोन तासांची.

म्हणजे 'समोरच्याने फोन ठेवला' हे वाक्य इथे खोटंच ठरलं असतं. फोन कोणी ठेवलेला नव्हता, तार मध्येच मेली होती, आणि तीही आपल्याच गल्लीत.

मी आधी सरळ मुदत घातली: 'आणा' ३० सेकंदांत झालं नाही तर तोडा. हा मूर्खपणा होता. नांदेडला हळू पण नीट चालणारी कामंही तुटायला लागली. मुदत एकूण वेळेला नको, शांततेला हवी. ४५ सेकंद एकही बाइट आला नाही तर तोडा. थेंब थेंब का होईना येत असेल तर येऊ द्या. खुद्द गिटमध्येही एचटीटीपीसाठी अशी सोय आहे: अमुक सेकंद वेग अमुकच्या खाली राहिला तरच तोडायचं.

ते लावलं आणि नवीनच बिघाड उगवला. मोठा प्रश्नसंच मागितला की फाइल अर्धवट यायची. याच्यामागे मी चार दिवस होते आणि कारण सापडलं तेव्हा मी एकटीच हसले. सर्व्हर मोठा गठ्ठा बांधत असताना बराच वेळ काही पाठवत नाही. ग्राहकाला वाटू नये की मेला, म्हणून गिटचा सर्व्हर अशा वेळी दर ५ सेकंदांनी एक रिकामं पुडकं पाठवतो. नुसता हुंकार. गोष्ट ऐकताना आजीला 'हूं' म्हणत राहावं लागतं ना, तसा. माल शून्य. आणि आमच्या कोडमध्ये लिहिलं होतं: जे मिळालं ते रिकामं असेल तर संपलं समजा.

'काहीच नाही'चे गिटच्या या बोलण्याच्या रीतीत तीन प्रकार आहेत. चार शून्यांचं पुडकं म्हणजे हा भाग संपला, पुढचा येईल. लांबी आहे पण माल नाही असं पुडकं म्हणजे थांब, मी आहे. आणि खरोखर एकही बाइट न येता जोडणी बंद होणं म्हणजे समोरचा गेला. पायथनच्या 'इफ नॉट डेटा' या ओळीला तिन्ही सारखेच दिसतात. मी तिघांना तीन नावं दिली आणि 'इफ नॉट डेटा' ही ओळ त्या फाइलमध्ये पुन्हा लिहिली जाऊ नये म्हणून तपासणीत अडवून ठेवली. गटातल्या धाकट्याने विचारलं, एवढं कशाला? त्याला मी ते चार दिवस ऐकवले.

बँडांचं थोडक्यात. गिटच्या पुडक्यात लांबीनंतर एक बाइट असतो, तो बँडचा नंबर. १ म्हणजे माल, २ म्हणजे प्रगतीच्या गप्पा, ३ म्हणजे सर्व्हरचं अखेरचं वाक्य, जे बोलून तो मरतो. सीनियरने १ ठेवला आणि २, ३ फेकून दिले होते, कारण त्याची स्वतःची मराठी पट्टी होती. मार्चमध्ये आमच्या सर्व्हरची डिस्क भरली होती तेव्हा सर्व्हर दोन दिवस ३ नंबरवर ओरडून सांगत होता. ऐकायला कोणी नव्हतं.

आता सरांच्या उदगीरकडे. त्यांचा मोठा त्रास होता चित्रांचा. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींचे फोटो ते मोठ्या आकारात घालायचे आणि 'पाठवा' दाबलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात लाल चौकट. नोंदीत दिसत होतं की माल देताना नळी फुटली. आम्ही सगळे उदगीरच्या नेटला नावं ठेवत होतो. खरी गोष्ट अशी की गठ्ठा ६१ एमबीचा होता आणि आमच्या सर्व्हरच्या पुढे दारवानासारखं बसलेल्या एनजिनएक्स या सॉफ्टवेअरला मी स्वतःच ५० एमबीची मर्यादा घातलेली होती. (मूळची तर १ एमबी असते.) एनजिनएक्सला सुरुवातीलाच आकार कळतो. तो लगेच ४१३ नंबरचं उत्तर देतो, फार मोठं आहे म्हणून, आणि मग सभ्यपणे काही वेळ येणारा माल घेऊन फेकत राहतो, म्हणजे ग्राहकाला ते उत्तर वाचायला सवड मिळावी. ती सवड जास्तीत जास्त ३० सेकंदांची. आमचं कोड आधी सगळं ओतायचं आणि मग कान द्यायचं. उदगीरच्या वेगाने ६१ एमबी ओतायला सात मिनिटं. उत्तर पहिल्याच क्षणी येऊन पडलेलं, पण आमचं तोंड चालू. अर्ध्या मिनिटाने सर्व्हर कंटाळून दार लावायचा आणि आम्ही म्हणायचो, नेटवर्क.

यावर सोपा उपाय असा सुचतो की लिहिताना जोडणी तुटली तर हार मानण्याआधी एकदा वाचून बघा, काही उत्तर पडलंय का. ते केलं, आणि माझ्या लिनक्सवर चाललं. विंडोजवर कधी चालायचं, कधी नाही, कारण जोडणी फटकन तोडली गेली की न वाचलेलं उत्तरही तिच्याबरोबर जाऊ शकतं. म्हणून आता प्रत्येक तुकडा पाठवला की टूल क्षणभर कान देतं: सर्व्हरने मध्येच काही म्हटलंय का? म्हटलं असेल तर ओतणं थांबवून आधी ते ऐका. सरांना आता दुसऱ्या सेकंदाला कळतं की फोटो मोठे आहेत. त्यांनी यावर मला फोन केला नाही, फोटो लहान केले. याहून मोठी शाबासकी मला त्या वर्षी मिळाली नाही.

राहिला प्रश्न मुळातला, ज्याच्यापायी सहाशे प्रती गेल्या. पाठवलेलं सगळं गेलं, पावती आली नाही. तर उत्तर काय द्यायचं? माझ्या कोडकडे दोनच शब्द होते, झालं आणि झालं नाही. तिसरा शब्द घालायला मला सगळ्यांत जास्त धीर लागला: माहीत नाही. वरिष्ठांना तो मुळीच आवडला नाही. सॉफ्टवेअरने माहीत नाही म्हणायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. मी त्यांच्यासमोर त्या पेपरची एक प्रत ठेवली.

गिटच्या बाजूने इथे एक मोठं सुख आहे. पाठवताना ग्राहक सर्व्हरला सांगतो की ही शाखा (बदलांची एक सलग साखळी) आधी या जागी होती, ती आता त्या जागी ने. 'आधी'ची जागा जुळली नाही तर सर्व्हर नकार देतो. त्यामुळे तेच पुन्हा पाठवलं तर दुसऱ्यांदा अदलाबदल होत नाही. एकतर जातं, नाहीतर आधीच गेलंय असं कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'ब आणि क उलटे करा'ला हे जमत नाही. म्हणून पावती हरवली की टूल आता काही न बोलता आधी नव्याने जोडून सर्व्हरची यादी मागतं. शाखा आपल्या जागी पोचलेली दिसली तर 'झालं'. जुन्याच जागी असेल तर पुन्हा पाठवतं. तिसरीच कुठे असेल तर मधल्या वेळात दुसऱ्या कोणी काही केलंय, मग माणसाला विचारतं. आणि जोडताच आलं नाही तर मात्र खरं ते सांगतं.

पुन्हा प्रयत्न करणं हे ऐकायला साधं. पासवर्ड चुकला असेल तर पुन्हा प्रयत्न करायचा नसतो, खातं बंद पडतं. हे आम्हाला खातं बंद पडल्यावर कळलं. आणि लॅबमधले १८ संगणक लाईट आल्या क्षणी एकदम सर्व्हरवर तुटून पडतात, पंगत उठल्यावर दाराशी होते तशी गर्दी होते. प्रत्येकाने थांबायच्या वेळेत थोडा नशिबाचा हिस्सा घातला, कोणी ३ सेकंद, कोणी ११, आणि दर फसलेल्या खेपेला थांबणं दुप्पट. गर्दी पांगली.

हे सगळं तपासायचं कसं, हा प्रश्न सुरुवातीला मी अंगमेहनतीने सोडवत होते. राउटरची वायर उपटायची, परत लावायची. आई विचारायची, काय चाललंय तुझं, सीरियल अडकतीय. मग मी तीसेक ओळींचा एक खोटा सर्व्हर लिहिला. तो खऱ्या सर्व्हरची टेप वाजवतो आणि सांगाल त्या बाइटवर जोडणी तोडतो. यादी घेण्याचं आमचं एक छोटं संभाषण १,१४० बाइटांचं होतं. तर आधी शून्याव्या बाइटवर तोडा, मग पहिल्या, मग दुसऱ्या, असं १,१४० पर्यंत. दरवेळी दोनच गोष्टी बघायच्या: ओळखीचा बिघाड आला का, आणि ठरलेल्या वेळेत आला का. तोडण्याचेही प्रकार तीन: सभ्यपणे बंद, फटकन बंद, आणि अंबाजोगाई. हो, तपासणीच्या कोडमध्ये तिसऱ्या प्रकाराचं नाव अंबाजोगाईच आहे, म्हणजे तोडायचं नाही, नुसतं गप्प व्हायचं. ती तपासणी रात्री लावून मी झोपले.

सकाळी पाच जागा लाल होत्या. चार तर लांबीची ती चार अक्षरं अर्धवट आलेली असतानाच्या. चार मागितली आणि दोनच आली, असं टीसीपीमध्ये केव्हाही होऊ शकतं, तो बिघाडच नाही. उरलेली दोन मागून घ्यायची. आमचं कोड दोनच अक्षरांचा आकडा करायचं. माझ्या टेबलावरच्या नेटला हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे चारही एकदम येतात. पाचवी जागा त्याहून वाईट होती: अर्धवट उतरलेल्या फाइली 'तात्पुरत्या' म्हणून राहून जायच्या आणि कोणी पुसायचंच नाही. उदगीरच्या संगणकावर अशा ११ जीबी निघाल्या. आता माल आधी बाजूला उतरतो, गठ्ठ्याच्या शेवटी गिट जी २० बाइटांची मोहर (मालावरूनच काढलेला तपासणीचा आकडा) लावतं ती जुळवून बघितली जाते, मगच त्याला खरं नाव मिळतं. जुळली नाही तर जागच्या जागी पुसायचं.

शेवटी संदेश. मी ते लिहून सरांना पाठवले आणि त्यांनी लाल पेनाने तपासून फोटो परत पाठवला, विद्यार्थ्यांच्या वहीसारखा. 'सर्व्हरशी संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही' यावर आडवी रेघ आणि समासात: मराठीत लिहा. प्रत्येक संदेशावर त्यांचा एकच प्रश्न होता, माझं काम कुठे आहे? मी कारण पहिलं आणि कामाचं शेवटी लिहिलं होतं. त्यांनी बाण काढून उलटं केलं. पावती हरवल्याचा संदेश आता असा आहे: 'तुमचं काम या संगणकावर सुरक्षित आहे. ते सर्व्हरवर पोचलं की नाही, हे अजून कळलेलं नाही. नेट आलं की टूल स्वतः विचारून सांगेल. तोवर कोणालाही व्हॉट्सअ‍ॅप करू नका.' शेवटचं वाक्य सरांचं. बटणावरचं 'ठीक आहे' त्यांनी खोडून 'समजलं' केलं.

सगळं बसवून दोन महिने झाले असतील. साडेनऊला फोन वाजला. टूल म्हणत होतं की सर्व्हरची ओळख पटत नाही, कोणी मध्ये असू शकतं, पासवर्ड टाकू नका. एचटीटीपीएस केल्यावर घातलेला हा आमचा सगळ्यांत गंभीर संदेश. मी घाबरले, अर्धा तास सर्व्हरची ओळख सांगणारं प्रमाणपत्र तपासत बसले. त्यात काहीच खोट नव्हती. मग सहज विचारलं, सर, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?

"एक जानेवारी, दोन हजार बारा."

मदरबोर्डवरचा सेल संपलेला. संगणकाच्या लेखी आमचं प्रमाणपत्र अजून दहाहून जास्त वर्षांनी जन्माला यायचं होतं, मग ओळख कशी पटणार? त्या रात्री एक ओळ वाढवली. टूल ज्या दिवशी बांधलं गेलं ती तारीख त्याच्या पोटात असते. संगणकाचं घड्याळ त्याच्याही मागे असेल तर प्रमाणपत्राला दोष न देता घड्याळाबद्दल बोलायचं. सरांनी दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ चा सेल आणला आणि बसवतानाचा फोटो मला पाठवला. फोटो ८ एमबीचा होता.